एक चीज रोल

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर मंगळवारी,
मोरॅगबाई वेट्रेस होतात.
कमरेला टॉवेल, हातात कोरी वही,
टेबलावर प्लॅस्टिकचं अंडं, प्लॅस्टिकचा पाव
आणि एक केळं, तेवढं खरं.
नोएमीची पाळी आली की ती उभीच राहते.
गिऱ्हाइकानं बसायचं असतं,
हे तिला तीनदा सांगून झालंय.

आय वुड लाइक.
वुडमध्ये एक ल आहे. लिहायचा, म्हणायचा नाही.
पंगतीत पान मांडलंय
पण वाढायचं नाही, अशा पाहुण्यासारखा.
नोएमी त्याला वाढतेच.
आय वुल्ड लाइक, म्हणते.
मोरॅगबाई केळं मागे घेतात. पुन्हा.

तिच्या गावी, फ्लोरेन्सियाच्या बाजारात,
"मला हवंय" असं तोंडावर कोणी म्हणत नाही.
पायरीवरून विचारायचं:
एक काळी कॉफी भेट देता का?
मग पैसे मोजून द्यायचे.
फुकट काही नाही, हे दोघांनाही ठाऊक,
पण मागताना भेटच मागायची.
मीठ, सुया, बसचं तिकीट,
निघताना विमानतळावर पाण्याची बाटली,
जन्मभर तिनं सगळं
भेट म्हणूनच विकत घेतलं.

इथे इन्व्हरकार्गिल. नकाशाच्या पार खालच्या कडेला.
वारा असा, की छत्री उघडली
की माणूस परगावचा हे कळतं.
अकरा महिने झाले,
अकरा महिने ती बोट दाखवून खातेय.
बोट पोचेल तेवढंच.
काचेआड पहिल्या रांगेत अंड्याचं सँडविच असतं,
म्हणून अंड्याचं सँडविच.
चीज रोल मागच्या रांगेत असतात.

त्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर
गरम बटाटा तोंडात धरावा तसं वाक्य धरून
ती रस्ता ओलांडून गेली,
दार ढकललं. दारावर "ओढा" लिहिलं होतं.

"येस, डिअर?" ग्लेनिस म्हणाली.

आता या डिअरमधला र.
मोरॅगबाई ऑकलंडच्या, त्या शेवटचा र गिळतात,
नोएमीलाही गिळायला लावतात.
ग्लेनिस इथलीच. तिचा र
खडीवरून हातगाडी जावी तसा खडखडत आला,
डोक्यावर रफार चढवून.
तो ऐकून नोएमीला इतकं घरचं वाटलं
की ती घरच्याच वाटेनं गेली:

"विल यू गिफ्ट मी," म्हणाली,
"वन चीज रोल, प्लीज."

ग्लेनिसनं तिच्याकडे पाहिलं. हात पुसले.
खालच्या खणातून नाताळचा उरलेला कागद काढला.
रोल गरम, रोलवर लोणी, त्यावर हरणांचा कागद,
कागदावर जांभळी रिबन,
कात्रीच्या पात्यावरून सर्रकन ओढून कुरळी केलेली.
मागे दोन माणसं ताटकळली, तरी तिनं गाठ घाईनं मारली नाही.
"कुणाचा वाढदिवस?"

प्लॅस्टिकच्या अंड्यासमोर
हा प्रश्न कधीच आला नव्हता.
नोएमीनं जे येत होतं ते सांगितलं.
"फॉर मी."

"अगं बाई! मग हॅपी बर्थडे,"
अशा अर्थाचं काहीतरी ग्लेनिस म्हणाली
आणि चार डॉलर घेतले. पुरते चार.

बाहेर बाकावर वाऱ्याला पाठ करून
नोएमीनं गाठ सोडली.
लोण्यानं हरणं पारदर्शक झाली होती.
पहिल्या घासाला टाळू भाजली.
तिचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो. हा मार्च.
रिबन तिनं बोटाला गुंडाळली,
काच ओलांडून जे बोट
मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हतं, त्याच बोटाला.

पुढच्या मंगळवारी तिनं वाक्य बरोबर म्हटलं.
ल मुका, वुड जागच्या जागी, प्लीज शेवटी.
मोरॅगबाई असत्या तर केळं देऊनच टाकतं केलं असतं त्यांनी.
ग्लेनिसनं चिमट्यानं रोल उचलला,
तपकिरी पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड दुमडलं.

नोएमी काउंटरशी जरा घोटाळली.
"एनिथिंग एल्स, डिअर?"

याचं उत्तर वर्गात शिकवलेलं होतं.
ते तिला येत होतं.